आधार न दिसणारी फळी

माझ्या खोलीत फळी बसवायला ज्यांना बोलावलं होतं, ते मिस्त्री पहिल्या दिवशी भिंतीकडे बघायच्या आधीच मला बोलले. कोपऱ्यात ट्रंक होती, ट्रंकेवर स्टोव्ह, आणि माझी पुस्तकं खिडकीच्या कठड्यावर. "पुस्तकं उन्हात आन् स्टो सावलीत," ते म्हणाले, "काय शिकवता तुमी पोरींना?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माढ्याहून सोलापुरात येऊन मुलींच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या खोलीत येऊन कोणी मला बोलेल असं वाटलं नव्हतं. राग आला. त्या माणसावरचा तो माझा पहिला राग. पुढे त्यात भरच पडत गेली, आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी राग आहेच. फक्त तो कोणाकोणावर आहे, हे आता मला नीट सांगता येतं.

मुंबईच्या एका मासिकातलं चित्र मी कापून ठेवलं होतं. पांढरीशुभ्र बैठकीची खोली, आणि भिंतीवर एक लांब पांढरी फळी. खाली ब्रॅकेट नाही, वरून साखळी नाही, नुसती अधांतरी. तिच्यावर एक फुलदाणी. तसली फळी मला दारासमोरच्या भिंतीवर हवी होती, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जाईल. सोलापुरात असली फळी करणारा एकच माणूस आहे, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं होतं. डोकं फिरलेलं आहे पण हात चांगला आहे, असंही म्हणाला होता.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि टोपी मूळची पांढरी पण भुशाने पिवळी पडलेली. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांनी ते चित्र हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि परत दिलं.

"ही खोली उंच हाय, पांढरी हाय. हितं मानसं ऱ्हात न्हाईत. तुमची खोली बुटकी हाय, निळी हाय, वर माळवद हाय. हितं पांढरी लांब फळी लावली तर वाळत घातलेल्या धोतरावानी दिसंल की."

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. त्यांच्याकडे टेप नव्हती. भिंतीला सुतळी लावायची आणि जिथे हवं तिथे गाठ मारायची. प्रत्येक खोलीची एक वेगळी सुतळी. काम झालं तरी ती ते टाकून देत नसत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तुमची खोली माझ्या घरात हाय."

त्या दिवशी ते माझ्या शहाबादी फरशीवर भिंतीला टेकून तासभर बसले. चहा केला तो घेतला नाही. काम संपेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसऱ्या संध्याकाळी न सांगता परत आले आणि परत बसले. तिसऱ्याही. मी वह्या तपासत होते, ते बघत होते. घरमालकीणबाईंनी मला दार उघडं ठेवायला सांगितलं, जसं काही मी ते बंद ठेवणार होते. शेवटी मी त्यांना विचारलं की फळी कधी लावणार, की नुसतेच बसणार. ते म्हणाले, "तुमी कुटं बसता ते बघालोय. डाव्या हातानं वही घेता, उजव्या हातानं ठिवता."

फळी लागली ती दारासमोर नव्हे, तर पलंगाच्या डाव्या अंगाला, खिडकीच्या खाली, येणाऱ्या माणसाला दिसणारही नाही अशा जागी. जुन्या दरवाजाच्या सागवानाची, अडीच हात लांब आणि चांगली जाडजूड. दगडी भिंतीत हातभर खोल भोकं पाडून त्यांनी लोखंडी सळया सिमेंटात पक्क्या केल्या होत्या, आणि फळीच्या जाडीतच गिरमिटाने भोकं पाडून ती सळयांवर सरकवली होती. दोन दिवस तिला हात लावू दिला नाही. मी कुरकुर केली की मला दारासमोर हवी होती, तर म्हणाले, येणाऱ्यासाठी फळी लावायची असेल तर येणाऱ्यालाच लावायला सांगा.

मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आणि आठच दिवसांत माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मी दुसरीकडे कुठे बसतच नाही. हात नुसता बाजूला केला की वही हाताशी, पुस्तक हाताशी. जुनं सागवान त्या निळ्या चुन्यावर असं दिसत होतं की ते भिंतीतूनच आलं असावं. मग तर मला जास्तच राग आला. चुकलेल्या माणसावर रागावून मोकळं होता येतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

गावात त्यांचे असे बरेच किस्से होते. एका डॉक्टरच्या दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांसाठी फळ्या करायच्या होत्या, तर हे तीन दिवस रोग्यांच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी चौथ्या दिवशी नाडी बघायला हात धरला. होटगी रोडला एका कापड व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला होता. दिवाणखान्यात अशाच आधार न दिसणाऱ्या फळ्या हव्या होत्या, बायकोने जमवलेल्या बाहुल्यांसाठी. मिस्त्रींनी शिसवाच्या दोन बारीक फळ्या बसवल्या. खोली मोठी, उजेड भरपूर, तिथे बारीकच शोभतात, असं त्यांचं म्हणणं. महिन्याभराने ते तिथल्या एका दाराचं बिजागर बघायला गेले, तर व्यापाऱ्याने फळ्यांखाली पितळी वेलबुट्टीचे ब्रॅकेट ठोकलेले. पाहुणे म्हणतात पडतील, म्हणून. मिस्त्री फळ्यांपाशी गेले. बाहुल्या एकेक करून गालिच्यावर ओळीने मांडल्या, ब्रॅकेट काढले, फळ्या सळयांवरून ओढून काढल्या, सायकलला बांधल्या आणि घेऊन गेले. भिंतीत सळया तेवढ्या राहिल्या. व्यापारी पुढे वर्षभर सांगत होता की हा माणूस चोर आहे.

हे सगळे किस्से ऐकून माहीत असताना मीच त्यांचं नाव शाळेत सुचवलं. ते माझं चांगलं काम होतं की वाईट, अजून कळत नाही.

शाळेला ग्रंथालयासाठी एक खोली मिळाली होती. खरं तर एक मोठा वर्ग, त्याच्यात मधे अर्ध्या विटेची भिंत घालून दोन भाग केलेले. तीन भिंती जुन्या, दगडी, हात-हात रुंद. चौथी ही नवी, दारासमोरची. ग्रंथालय माझ्याकडे दिलं होतं. पुस्तकं तोवर कुलपात होती, आणि किल्ली मागायला येणाऱ्या मुली वर्षात पाच-सहा.

मिस्त्री आले आणि सवयीप्रमाणे बसले. पण या वेळी खोलीत नव्हे, बाहेर व्हरांड्यात, मधल्या सुट्टीत, मुली डबे खातात तिथे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचवीतली सगळ्यात बुटकी मुलगी बोलवायला सांगितली. तिला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावला, टाचा न उचलता, आणि बोटं पोचली तिथे खडूची रेघ मारली. "ह्याच्या वर पुस्तक जायाचं न्हाय," ते मला म्हणाले. मी म्हटलं, दहावीच्या मुलींना वाकावं लागेल. "वाकू द्या की. वाकाया येतं. उंच व्हाया येत न्हाय."

तीन दगडी भिंतींना त्यांनी फळ्या केल्या. दोन-दोन ओळी, वरची त्या रेघेच्या खाली. खोली लांबट आणि अंधारी होती म्हणून लाकूड फिक्या रंगाचं घेतलं, कडा गोल घासल्या, पोरी पळतात म्हणून. खाली पाय नाहीत, ब्रॅकेट नाही, त्यामुळे फरशी मोकळी राहिली, आणि मुली तिथे भिंतीला पाठ लावून बसायला लागल्या, काम चालू असतानाच. तशी खोली मी नंतर कुठल्याच शाळेत पाहिली नाही.

मग कार्यवाह आले.

आमच्या संस्थेचे कार्यवाह सभ्य गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा झब्बा, हळू आवाज, आणि प्रत्येक वाक्यात "आपली शाळा". त्यांना चौथ्या भिंतीवर तीन फळ्या हव्या होत्या, एकावर एक, उंचावर. त्यांच्यावर ढाली, करंडक, जाड बांधणीचे ग्रंथ आणि सगळ्यात वर संस्थापकांची तसबीर. उद्घाटनाला शिक्षणाधिकारी येणार होते आणि दार उघडल्याबरोबर त्यांना हेच दिसायला हवं होतं. बाकीच्या फळ्यांसारख्याच, आधार न दिसणाऱ्या.

मिस्त्रींनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. एकदा दगडी भिंतीवर, एकदा त्या चौथीवर. आवाजातला फरक मलाही कळला.

"ही भिंत न्हाय, पडदा हाय," ते म्हणाले. "सळई चार बोटं बी आत जाणार न्हाय. हितं कायबी लावायचं न्हाय."

कार्यवाह हसले. म्हणाले, तू सुतार आहेस, इंजिनिअर नव्हेस. त्यांच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ते अरेतुरे करत होते, तेही त्याच मऊ आवाजात. मिस्त्री म्हणाले, एवढंच हवं असेल तर जमिनीवर उभं राहील असं कपाट करून देतो. कार्यवाहांना कपाट नको होतं. कपाट सगळ्यांकडे असतं.

तेव्हा मिस्त्री माझ्याकडे वळले. "बाई, तुमी सांगा."

मी काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये मला नोकरीत कायम करण्याचा ठराव यायचा होता, तेही ठाऊक होतं. मी म्हटलं, "साहेब म्हणतात तसं करून टाका ना."

त्यांनी हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि गेले. कार्यवाहांच्या गोदामात खोकी करणारा एक सुतार होता. त्याने दोन दिवसांत तीन फळ्या लावल्या. वरून सारखा रंग दिला. परक्याला फरक कळला नसता. काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर ग्रंथालयप्रमुख म्हणून मी सही केली.

मधल्या काळात मिस्त्री एकदा शाळेच्या फाटकाशी आले होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, मी चौथ्या भिंतीला नको म्हटलं, एवढं एका कागदावर लिहून द्या. मला हसू आलं. मानी माणूस, कागद हवाय, असं वाटलं. मी म्हटलं, त्याची काय गरज आहे.

"मला मराठी लिवाया येत न्हाय," ते म्हणाले. "तुमाला येतं."

मी म्हटलं, "मिस्त्री, मी आहे ना साक्षीला."

हे वाक्य मी बोललेलं आहे.

उद्घाटन थाटात झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी चौथ्या भिंतीचं कौतुक केलं. मुलींच्या उंचीच्या फळ्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्या मुळी त्यांच्यासाठी नव्हत्याच.

चौथ्या महिन्यात वार्षिक तपासणी आली. सगळीकडे झाडलोट चालली होती. आठवीत एक उंच, शांत मुलगी होती. घरी तेलुगू बोलणारी, साखर पेठेतली. वडील घरातल्या मागावर चादरी विणायचे. तिचं अक्षर इतकं देखणं होतं की शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचार तीच लिहायची. ती पुस्तक बदलायला आली, आणि मी तिला म्हटलं, तू उंच आहेस, स्टुलावर चढून त्या ढाली पुसून घे. तिने मोठी ढाल पुढे ओढली. खालची फळी एका अंगाने भिंतीतून निघाली, विटेचा भुगा सांडला, आणि फळी, ढाल, करंडक सगळं तिच्या उजव्या हातावर आलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. वरच्या फळीवरची संस्थापकांची तसबीर जराही हलली नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा तिचा अंगठा पुरता मिटत नव्हता.

चौकशी समिती नेमली. समितीत कार्यवाह होतेच. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, आपल्या शाळेचं नाव, आपल्या शाळेच्या मुली, असं बरंच बोलले. मग म्हणाले, बाई, एप्रिलमध्ये आपला ठराव आहे ना? मी हो म्हटलं. म्हणाले, मग निवेदन थोडक्यातच लिहा. मी लिहिलं: ग्रंथालयातील फळ्यांचे काम मिस्त्री यांच्याकडे देण्यात आले होते. ते काम पूर्ण झाल्यावर फळ्या वापरात आणल्या. साफसफाई चालू असताना एक फळी निखळून विद्यार्थिनीस दुखापत झाली.

या तीन वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. मी मराठीची शिक्षिका होते. शब्द कसे ठेवायचे ते मला येत होतं.

आठवड्यात गावभर झालं की मिस्त्रीने लावलेली फळी मुलीच्या अंगावर पडली. ज्या बंगल्यांत त्यांच्या फळ्या होत्या तिथे लोक खाली लाकडी टेकू लावायला लागले. कापड व्यापारी म्हणाला असणार, मी सांगत नव्हतो?

समितीने मिस्त्रींना बोलावलं, ग्रंथालयातच. मलाही बसवलं. त्यांना माझं निवेदन वाचून दाखवलं. वाचणारा थांबला तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं. ते नुसते बघत राहिले, खोलीत फळी लावायच्या आधी जसे बसून बघायचे तसे.

मग त्यांनी खिशातून सुतळी काढून टेबलावर पसरली. म्हणाले, ही या खोलीची. इथून इथपर्यंत पहिली भिंत, ही दुसरी, ही तिसरी. गाठी मोजून घ्या. चौथ्या भिंतीची एकही गाठ नाही, कारण चौथी मी मोजलीच नाही. समितीतला एकजण म्हणाला, सुतळी म्हणजे काय पुरावा आहे का, आणि दोघेतिघे हसले.

ते हसले म्हणून असेल, मिस्त्री उठले. दगडी भिंतीपाशी गेले. स्वतः केलेल्या वरच्या ओळीतली पुस्तकं त्यांनी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणली, चार-चार, नीट, शिवणीच्या कडा एका बाजूला करून. फळी रिकामी झाली. मग बाक ओढला, बाकावर चढले आणि त्या फळीवर जाऊन बसले. साठीचा माणूस, पाय अधांतरी, टोपी हातात. फळी जराही वाकली नाही.

"ही माझी," ते म्हणाले. "त्या भिंतीवर अजून दोन हायत. साहेबांनी चढून बसावं. मग मी केली म्हणतो."

कोणी हसलं नाही. कार्यवाह चष्मा पुसत होते.

मी उभी राहिले. धैर्य बिर्य काही नव्हतं, मला सांगायला आवडलं असतं तरी. मला राग आला होता. कार्यवाहांच्या त्या स्वच्छ रुमालाचा, हसणाऱ्यांचा, आणि त्या म्हाताऱ्याचा सुद्धा, की त्याने मला असं उघडं पाडलं. मी म्हटलं, चौथ्या भिंतीचं काम यांचं नाही. यांनी माझ्यासमोर नको म्हटलं होतं. ते गोदामातल्या सुताराकडून करून घेतलं, आणि मुलीला स्टुलावर मी चढवलं.

कार्यवाह शांतपणे म्हणाले, "बाई, आपलं लेखी निवेदन आमच्याकडे आहे."

माझं बोलणं इतिवृत्तात आलं नाही. निष्कर्ष अपघात असा निघाला. कोणाचाच दोष नाही, यापुढे काळजी घ्यावी. वरच्या दोन फळ्या सुट्टीत गुपचूप काढल्या. एप्रिलचा ठराव माझ्यासाठी आला नाही, जूनपासून मी मोहोळच्या एका शाळेत जायला लागले. कार्यवाह पुढे संस्थेचे अध्यक्ष झाले. त्यांच्यावर माझा जो राग आहे तो सगळ्यात सोपा. तो कधीच कमी करावासा वाटला नाही.

मिस्त्री त्या दिवशी फळीवरून उतरले, पुस्तकं होती तशी परत लावली आणि निघाले. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. माफ करा म्हटलं. ते सायकलचं कुलूप काढत होते. "मला काय सांगता," ते म्हणाले. "त्या पोरीला सांगा." आणि गेले.

मला वाटलं, एवढं सगळं बोलले मी, नोकरी पणाला लावली, आणि या माणसाला त्याचं काहीच नाही. पुढचे तीन महिने मी हाच राग धरून बसले आणि त्या मुलीकडे गेले नाही.

गेले ती मोहोळची नोकरी सुरू झाल्यावर, एका रविवारी. साखर पेठेतलं त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीत माग. वडिलांनी माग थांबवला. मुलगी चौकटीशी बसून डाव्या हाताने वहीत काहीतरी लिहीत होती. अक्षरं मोठी, वाकडी, पहिलीतल्या मुलासारखी. मी सगळं सांगितलं. ती भिंत कच्ची आहे हे मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, तरी कागदावर सही केली. वडील ऐकत होते. जाऊ द्या बाई, व्हायचं ते झालं, असं काहीतरी म्हणाले. त्यांना मला लवकर घालवायचं होतं, हे दिसत होतं.

मुलीने वही मिटली.

"तुम्हाला माहीत होतं, तरी मला चढवलंत?" तिने विचारलं.

मी म्हटलं की त्या वेळी लक्षात नव्हतं. ते खरं होतं. चार महिन्यांत मी ते विसरलेच होते. मुलीने मान हलवली आणि परत लिहायला लागली. मला वाटतं, माहीत असून चढवलं म्हटलं असतं तर तिला ते बरं वाटलं असतं.

तिथून मी तशीच बाळीवेशीत मिस्त्रींचं घर शोधत गेले. आजवर कधी गेले नव्हते. अरुंद बोळ, दोन खोल्या, पुढच्या खोलीत ते रंधा मारत बसलेले. काम कसलं, तर एका पाटाचं. त्यांना आता पाटच मिळत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी एकदा पाहिलं आणि रंधा चालू ठेवला.

त्या घरात एकही फळी नव्हती. मी बघतच राहिले. कोनाडेही विटांनी बुजवलेले. डबे, भांडी, पळ्या, दिवा, काड्यापेटी, सगळं जमिनीवर, भिंतीच्या कडेने एका ओळीत मांडलेलं, आणि दोन वस्तूंमध्ये सारखं अंतर. आतून एक म्हातारी बाई आली, त्यांची बायको असावी. एक हात भिंतीला, डोळे पांढरे. ती खाली बसली, ओळीवरून हात फिरवत गेली, तिसऱ्या डब्यापाशी थांबली, तो उघडला आणि चिमूटभर मीठ घेतलं.

मी मिस्त्रींना सांगितलं की मुलीकडे जाऊन आले. त्यांनी रंधा थांबवला. "काय म्हनली?"

मी तिचं वाक्य सांगितलं. "बरोबर हाय तिचं," म्हणाले, आणि पाट उलटा केला.

मला आणखी बोलायचं होतं. मी लावून घेतलेल्या फळीबद्दल, सुतळीबद्दल, मोहोळच्या शाळेतही ग्रंथालय आहे त्याबद्दल. पण त्यांनी बसा म्हटलं नव्हतं आणि म्हणणारही नव्हते. डब्याशी बसलेल्या बाईने मान वळवली, माझा आवाज होता त्या दिशेने.

"यार बंदार्री?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी पाटावरचा भुसा फुंकला.

"यारू इल्ल," ते म्हणाले.

कोण आलंय, तिने विचारलं होतं. कोणी नाही, त्यांनी सांगितलं. सोलापुरात राहून एवढं कानडी मला कळायला लागलं होतं.